व्याह्यांची इंग्रजीची शिकवणी

लातूर,
१२ जुलै २०२५

नीलाबाई विहीणबाईंना महादेवप्पांचा शरणु शरणार्थी.

पत्र बघून दचकू नका, इकडं सगळे जिवंत आहेत. फोन करता आला असता. पण फोन मी केला की आमच्याकडून सुनेला बोलावणं आलं असं होतं, आणि तुम्ही केला की तुम्ही पाठवणीला तयार झालात असं होतं. म्हणून तीन आठवडे दोन्ही घरचे फोन मुके बसलेत. पत्राला असलं काही लागू होत नाही, त्यातून ते अभ्यासाचं असेल तर मुळीच नाही. हे पत्र अभ्यासाचं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, शिवानीला त्या शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं ते आमच्या दुकानाच्या पत्त्यावर. सगळं इंग्रजीत. मी पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणारा माणूस. मला वाटलं कसली तरी जाहिरात आहे, म्हणून जुन्या कागदांच्या तारेला टोचून ठेवलं. रुजू व्हायची तारीख गेली, शाळेनं दुसरी बाई घेतली, आणि नंतर शिवानीला ते पत्र तारेवर सापडलं. तिनं बॅग भरली आणि नांदेडची गाडी धरली. माझा गुन्हा एवढाच की मला इंग्रजी येत नाही.

तर म्हटलं, हा दोष एकदाचा काढून टाकू. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली विहीण असताना बाहेर क्लास कशाला लावायचा? मला सुटे शब्द येतात. शॉप येतं, पंप येतो, रेन येतो. दोन वाक्यं जोडायची म्हटलं की गाडी अडते. ती उभयान्वयी अव्ययं का काय असतात, तेवढी लेखी शिकवा. चुका लाल शाईनं दाखवा, मनाला लावून घेणार नाही.

मी लिहीत बसलेलो बघून आमच्या कारभारणीनं, गुरम्मानं, विचारलं, "एवढं काय लिहून राहिलाव?" म्हटलं, अभ्यास. तर म्हणाली, "बरं हाय. इहीणबाईला लिहा, अभ्यास झाला की सून धाडून द्या म्हनावं." हे मी तुम्हाला नुसतं कळवतोय. निरोप समजू नये.

आपला,
महादेवप्पा


नांदेड,
१६ जुलै

व्याहीबुवांना नमस्कार.

बासष्टाव्या वर्षी तुम्हाला विद्येची ओढ लागली हे वाचून डोळे भरून आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात लागली असती तर माझी मुलगी आज लातूरला विज्ञान शिकवत असती. पण असो, शिकायला उशीर झाला असं मी कुणाही मुलाला म्हणत नाही.

पहिला धडा. अँड, बट, ऑर, सो. हे चौघे बरोबरीची वाक्यं जोडतात. मधला जोड काढून टाकला तरी दोन्हीकडची वाक्यं आपापल्या पायांवर उभी राहतात. उदाहरण घ्या: शिवानी केम टू नांदेड, अँड शी इज हॅपी. आता अँड काढा. ती आली, हे पूर्ण वाक्य. ती खूश आहे, हेही पूर्ण वाक्य. कुणाला कुणाचा टेकू लागत नाही. बट आलं की दुसरं वाक्य पहिल्याच्या उलट्या दिशेला जातं: ही हॅज अ बिग शॉप, बट ही कॅनॉट रीड अ लेटर. ऑर म्हणजे दोनातलं एक निवडा. सो म्हणजे पहिल्यामुळं दुसरं घडलं. सो वापरताना पहिलं काय ते नीट आठवावं, माणसं तिथंच विसरतात.

पाच वाक्यं करून पाठवा. व्याही म्हणून सूट मिळणार नाही.

आमच्या शेजारणी शिवानीला बघून विचारतात. मी सांगते, नागपंचमीला माहेरी आलीय. पंचमी एकोणतीसला आहे. तीसला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. हेही मी नुसतं कळवलं.

नीलाबाई


लातूर,
२० जुलै

विहीणबाई, गृहपाठ पाठवतो.

एक. आय ओपन द शॉप, बट आय सिट.
दोन. इट रेन, ऑर फार्मर हॅपी.
तीन. माय सन गुड बॉय, सो ही ईट टू मच.
चार. नीलाबाई इज टीचर, अँड शी इज स्ट्रिक्ट, अँड शी इज नॉट सेंडिंग.

पाचवं सुचलं नाही. दुकानात आज मी एकटाच आहे. विरेश उदगीरला मित्राच्या लग्नाला गेलाय. गेल्या रविवारीही एक लग्न होतं, त्याच्या आधीच्याही. पोरगं मित्रांना धरून आहे, चांगली गोष्ट आहे.

तुमची उदाहरणं आवडली. व्याकरणाच्या पुस्तकात राम आणि आंबा असतो. तुमच्या पुस्तकात मीच आहे.

महादेवप्पा


नांदेड,
२४ जुलै

व्याहीबुवा,

तुमची वही तपासली. पहिल्या वाक्यात बट कशासाठी? दुकान उघडून तुम्ही बसता यात उलटं काय आहे? गल्ल्याशी दुसरं कुणी बसलेलं असावं अशी अपेक्षा होती का? दुसऱ्यात ऑर घातलंत म्हणजे पाऊस पडेल नाहीतर शेतकरी खूश होईल. जुलैत हे भोकरच्या शेतकऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, काय होतं ते कळवा. तिसरं अर्थानं बरोबर आहे, क्रियापदं सुधारा. चौथ्यात तीन वाक्यं ओळीनं जोडलीत आणि तिसऱ्यावर येऊन मनातलं ओकलात.

आता तुमच्या चिरंजीवांबद्दल. आषाढात लग्नं लावणारं हे उदगीरचं घराणं कोणतं ते मला जाणून घ्यायचंय. तुमचे विरेशराव दर रविवारी अकराला माझ्या दारात असतात. चार भाकरी खातात, शिवानीशी गॅलरीत दोन तास बोलतात, आणि संध्याकाळच्या गाडीनं लग्न लावून परत जातात. मी कळवणार नव्हते. पण तुम्ही त्याला गुड बॉय लिहिलंत, तेव्हा पुरावा जोडणं भाग पडलं.

दुसरा धडा. बिकॉज, ऑल्दो, अनलेस, अंटिल. हे जोडतात तेव्हा दोघांपैकी एक वाक्य अर्धं होऊन दुसऱ्यावर रेलतं. अंटिल समवन कम्स टू टेक हर. कुणी न्यायला येईपर्यंत. बरं, तोपर्यंत काय? वाचणारा खोळंबतो. पुढचं वाक्य आल्याशिवाय याला अर्थ नाही. शिवाय आमच्या मुलाबाळांत बिकॉज हे निमित्त सांगायला वापरायची पद्धत आहे, तुम्ही ते खरं कारण सांगायला वापरून बघा.

शिवानी माझ्या शिकवणीच्या नववीच्या वह्या तपासते. तेवढाच तिला विरंगुळा. एम.एस्सी., बी.एड. झालेल्या मुलीचा विरंगुळा.

नीलाबाई


लातूर,
३० जुलै

विहीणबाई,

विरेशला मी काही बोललो नाही. फक्त विचारलं, "नवरी कशी हाय?" तर म्हणाला, "रागात हाय."

गृहपाठ.

बिकॉज आय नॉट नो इंग्लिश, ऑल धिस हॅपन.
ऑल्दो पंचमी इज ओव्हर, शी डिड नॉट कम.
आय विल नॉट गो टू नांदेड अनलेस समवन इन्व्हाइट्स मी.
आय वेट अंटिल माय हेअर बिकम व्हाइट. (ते आधीच झालेत, पण दुसरं उदाहरण सुचेना.)

पंचमी झाली. कालपासून दुकानात येणाऱ्यांना काय सांगावं ते कळत नाही. परवा जळकोटहून एक शेतकरी आला. मोटार पाण्यात किती खोल सोडायची, केबल किती लागेल, असं विचारायला लागला. विरेशनं सांगितलं, मी सांगितलं. तो इकडं तिकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई कवा येनार हाय? तिचं गणित बरोबर असतं. म्या परत येतो." चाळीस वर्षं मी मोटारी विकतोय, विहीणबाई. असा अपमान कुणी केला नव्हता, आणि राग आला नाही याचंच नवल वाटलं.

महादेवप्पा


नांदेड,
३ ऑगस्ट

व्याहीबुवा,

आज गुण देत नाही, जाब विचारते.

आपण मराठी माणसं 'जरी' म्हटलं की 'तरी' म्हणतो. म्हणून आपली पोरं ऑल्दो लिहिलं की पुढं हटकून बट लिहितात. चौतीस वर्षांत मी तो बट किती वेळा खोडला असेल त्याला हिशेब नाही. तुम्हाला म्हणे अँड आणि ऑरमधला फरक कळत नाही, पण ऑल्दोचं वाक्य स्वच्छ. अनलेसही जिथल्या तिथं. सोप्यात नापास आणि अवघडात पास, असं पोर माझ्या वर्गात कधी आलं नाही.

मला नुसती शंका आली होती. आज रविवार, म्हणजे विरेशरावांचं लग्न आमच्याकडंच. भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, "कंपन्यांशी पत्रव्यवहार कोण करतं हो तुमच्याकडं?" तर मोठ्या अभिमानानं म्हणाले, "अण्णाच करतात की. मोटार जळाली की चार पानं इंग्रजीत हाणतात. बी.ए.ला इंग्रजी होतं न्हवं त्यांना, उदगीरला!" शिवानी पाणी आणायला आत गेली होती. तिनं ऐकलं नाही.

पोटदुखीचं, आजी वारल्याचं, वही कुत्र्यानं फाडल्याचं सोंग करणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली. येत नसल्याचं सोंग करून शिकवणी लावणारा विद्यार्थी पहिलाच. एक महिना मला कामाला लावलंत, का? कुणी विचारलं तर दाखवायला, की बघा, बिचारा अजून अँड गिरवतोय?

ते पत्र तुम्ही वाचलं होतं. हो की नाही, एवढंच लिहा. मराठीत.

नीलाबाई


लातूर,
७ ऑगस्ट

नीलाबाई,

हो. वाचलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा मला पाहिजे तो अर्थ निघाला नाही. 'अभिनंदन' पासून 'दहा जूनला रुजू व्हावे' पर्यंत सगळं समजलं. मग तारेला टोचलं आणि वर दोन जुने गॅरंटीचे कागद टोचले.

आता ती लाल शाई जरा स्वतःकडं वळवा. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच घरी सोयरिकीची बैठक बसली होती. नोकरीचा विषय आमच्यातल्या कुणीही काढला नव्हता. तुम्ही चहाचे कप ठेवता ठेवता आपण होऊन म्हणालात, "आमच्या शिवानीला नोकरीबिकरीची हौस नाही हो, तिला घर सांभाळायची आवड आहे." मी तो शब्द धरून ठेवला. पत्र लपवताना मनाला सांगितलं की आपण विहिणीचा शब्द पाळतोय. केवढी सोय झाली बघा, पाप माझं आणि शब्द तुमचा.

खरं कारण निराळं आहे. बिकॉज खरं सांगायला वापरा म्हणालात, म्हणून सांगतो. मला भीती वाटली. विरेश दहा वर्षं दुकानात आहे आणि अजून त्याला विहिरीची मोटार आणि बोअरची मोटार बाहेरून ओळखता येत नाही. ही पोरगी तीन महिन्यांत सगळं शिकली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पेपर मोठ्यानं वाचते आणि आम्ही दोघं प्रत्येक बातमीवर भांडतो. मला मुलगी नाही. ती शाळेत गेली तर दुपारी मी कुणाशी भांडू? एवढ्यासाठी मी एका चांगल्या पोरीची नोकरी घालवली. लिहिताना लाज वाटते आहे, पण लपवताना वाटली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही. तुम्हीही सांगू नका. इंग्रजी न येणारा सासरा तिला परवडेल, असला सासरा परवडणार नाही.

महादेवप्पा


नांदेड,
११ ऑगस्ट

महादेवप्पा,

तो चहा मला आठवतो. साखर जास्त झाली होती.

शिवानीचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. निलंग्याचं एक स्थळ नोकरीच्याच मुद्द्यावरून मोडलं होतं. तुम्ही सगळे समोर बसलेले, माणसं चांगली वाटत होती, आणि तुमच्या बाजूनं कुणी काही विचारायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी झाले. मी स्वतः चौतीस वर्षं डबा घेऊन शाळेत गेले. माझ्या सासूनं नोकरीवरून टोमणे मारले तर मी महिना महिना बोलायची नाही. आणि लेकीची नोकरी मी एका मिनिटात, चहाच्या ट्रेसकट तुमच्यापुढं ठेवली. ती आत पोहे करत होती. तिला विचारलं नाही.

हे तिला मी आजवर सांगितलेलं नाही, आणि आता तर नकोच. ती तुमच्यावर चिडलेली आहेच. सगळा राग एका जागी असला की आवरायला सोपा जातो, दोन घरांत वाटून काय मिळणार? तुम्ही इंग्रजीवर ठाम राहा, मी उद्या तिला समजावते की


नांदेड,
१३ ऑगस्ट

आई आणि मामा,

दोघांना हे एकच पत्र. एक प्रत आईच्या टेबलावर ठेवते, एक लातूरला सासरी टाकते. आईचं अर्धं राहिलेलं पत्र मामांना सोबत पाठवते, नाहीतर त्यांचा धडा बुडायचा.

हे कसं सापडलं ते आधी सांगते. मामांच्या कबुलीजबाबात आईनं लाल शाईनं सहा चुका काढल्या आहेत, सगळ्या शुद्धलेखनाच्या. दुपारी भांडण्याच्या परिच्छेदाशेजारी समासात 'ओघवते' असा शेरा आहे. मग सवयीनं तो कागद, तिच्या अर्ध्या पत्रासकट, नववीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात गेला. त्या वह्या मी तपासते. तपासल्या.

मामा, तुम्हाला इंग्रजी येतं हे मला लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. कंपनीला पाठवायचा मजकूर तुम्ही पॅडवर खरडून विरेशला टाइप करायला देता ना? विरेश तो मला देतो. तीन वर्षं तुमचं इंग्रजी मीच टाइप करते आहे. चांगलं असतं. शिव्यासुद्धा सभ्य असतात.

तेव्हा तुम्ही माझ्यासमोर उभे राहून "मला वाटलं जाहिरात हाय" म्हणालात, त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. पत्र लपवलं याचा राग होताच. पण मी घर सोडलं ते तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात आणि मी ते गप गिळीन असं तुम्हाला वाटलं म्हणून. वाट बघत होते की खरं सांगायला फोन येईल. इकडं पोस्टानं अँड आणि बट येत होते.

आई, तुझं मला माहीत नव्हतं. मी दोन महिने तुझ्या घरात तुझ्या मांडीवर डोकं ठेवून सासरच्यांना नावं ठेवत होते आणि तू केस विंचरत "हो ना गं" म्हणत होतीस. मामांवर मी चिडले. तुझ्या बाबतीत मला नुसतं रडू आलं. पोहे चांगले झाले होते का त्या दिवशी?

तुम्ही दोघं हुशार माणसं. महिनाभर मला कुणी न्यायचं, कुणी धाडायचं यावर एवढा कागद खर्च केलात. मी शेजारच्या खोलीत होते. तुला काय पाहिजे, हे तीन शब्द दोघांपैकी एकालाही सुचले नाहीत, मराठीतही.

आता माझं ऐका. नायगावच्या एका शाळेत विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आहेत. मार्चपर्यंत त्यांची जागा मला मिळाली आहे. सोमवारी रुजू होते. अर्ज मी केला, पत्र माझ्या हातात आलं. मार्चनंतर लातूरला शाळा बघायची की नाही ते मी आणि विरेश ठरवू. तो रविवारी येत जाईल, लग्नं न लावता. मला न्यायला कुणी येऊ नये, आणि मला कुणी धाडूही नये.

शिवानी


लातूर,
२१ ऑगस्ट

शिवानी, हे पत्र तुझ्या नायगावच्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. तिथं टपाल कुणी तारेला टोचत नसावं.

तुझं पत्र मी गुरम्माला वाचून दाखवलं. सगळं. मधली पानं गाळावीत असा मोह झाला, पण गाळली नाहीत. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्या सगळ्या गल्लीला सांगितलं, मालकाला इंग्रजी येत न्हाई म्हनून झालं, त्यांचा काय दोष. मला बी खोटं पाडलंव." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते आणि निघून जाते. विरेश म्हणतो, "अण्णा, आता तुमी बी माझ्यासंगं रविवारी नांदेडला चला." विनोद करायची ही वेळ नाही हे त्याला कधी कळणार?

जळकोटचा तो शेतकरी परवा परत आला. ताई कुठं आहे म्हणाला. आजवर मी पंचमीला गेलीय, पाहुणी गेलीय, असं काहीबाही सांगत होतो. त्याला म्हटलं, ताईला नोकरी लागली. आधीही लागली होती, मी कागद लपवला. त्यानं हातातला पाइप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमी, मालक?" पाइप न घेता गेला.

माझ्याकडं सांगायला निमित्त उरलेलं नाही. माझं चुकलं. तुझी दुपार मी माझी समजलो. नोकरी सोडू नकोस. परत यायचं की नाही हे मी विचारणार नाही.

एकच विचारतो, आणि नाही म्हणालीस तरी चालेल. नायगावला एका गिऱ्हाइकाच्या बोअरवर मोटार सोडायची आहे, तिकडं येणं आहे. तुझी शाळा बाहेरून बघून गेलो तर चालेल का? फाटकाच्या आत येणार नाही.

महादेवप्पा


नायगाव,
२५ ऑगस्ट

मामा,

शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. फाटकाबाहेर उभे राहू नका, शिपाई दहा प्रश्न विचारतो आणि मुलं खिडकीतून बघतात. आत या. शेवटचा तास सातवीचा आहे, प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेला एकच बाक आहे, तो मागं आहे, तिथं बसा.

माफ केलंय असं समजून येऊ नका. ते अजून व्हायचं आहे, आणि किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. तास संपला की मी डबा खाते. आत्याबाईंनी अबोल्यात तुम्हाला डबा दिला नाही तर माझ्यातलं खा.

शिवानी